पिवळी गाडी, हिरवी गाडी

माझ्या आईवडिलांचा अबोला एका टोपीवरून झाला. हिंगणीला माझ्या धाकट्या मावशीचं लग्न होतं. मंडपात आहेर चालले होते, जावयांना दुपट्टा आणि टोपी देत होते, आणि बाबांचा नंबर येईपर्यंत टोप्या संपल्या. त्यांना नुसताच दुपट्टा मिळाला. दुसऱ्या कुणाच्या हे लक्षातही आलं नसतं. पण बाबा सरकारी कचेरीत कारकून होते आणि अर्धवट कागद त्यांनी जन्मात कधी पुढे सरकवला नव्हता. ते पंगतीत बसले आणि पानाला हात लावेनात. मामा आले, आजोबा आले, विनवण्या झाल्या. बाबा आपले मिठाकडे बघत बसून.

आई तेव्हा वरणाचं भगोणं घेऊन वाढत होती. मे महिना, मंडपावर पत्रे, आणि सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. ती सगळ्यांच्या देखत म्हणाली, "टोपीचं काय घेऊन बसले? घरी पेटीत टोप्यांचा ढीग पडला हाये, एक बी डोक्यावर घालत नाई!" पंगत हसली. वाजंत्रीवालेसुद्धा हसले. बाबा मुकाट्याने जेवले आणि वर्ध्याजवळ सिंदी मेघेला घरी आल्यावर दारातच म्हणाले, "आजपासून मी बोलणार नाई." आई चप्पल काढत म्हणाली, "नका बोलू." मी पाचवीत होते. मला वाटलं, रविवारपर्यंत मिटेल.

ते मिटलं नाही. आता कुणाला वाटेल की आमच्या घरात मोठी धुसफूस असायची, तर तसंही नव्हतं. डबा वेळेवर व्हायचा, आईच्या लुनाचा प्लग बाबाच साफ करायचे, सगळं यथासांग चालू होतं. फक्त बोलणं माझ्यामार्फत होई. मी एकुलती एक, त्यामुळे रजा नव्हती. "सांग तुह्या बाबांले, डाळ संपली." बाबा तिथेच, दोन हातांवर, पेपर वाचत बसलेले. पण मी म्हणेपर्यंत त्यांच्या कानावर काही येत नसे. मी म्हणायचे, "बाबा, डाळ संपली." मग ते पेपर खाली करून म्हणायचे, "सांग तुह्या आईले, उद्या आणतो." आणि आई, जिने ते शब्द न् शब्द ऐकलेले असत, माझ्याकडे बघत उभी राहायची.

मी शाळेत असले की पंचाईत होई. मग दोघं भिंतीला सांगायचे. एकदा तर बाबांनी फाटकाशी उभ्या असलेल्या शेजाऱ्यांच्या गाईला सांगितलं की आज कचेरीतून यायला उशीर होईल. गाईने काही निरोप दिला नाही. आई ताट झाकून वाट बघत बसली आणि संध्याकाळी मला दोघांचंही ऐकून घ्यावं लागलं. मला या प्रकाराचा मनस्वी संताप यायचा. पण पोस्टमनने पत्रातल्या मजकुरावर भांडायचं नसतं.

त्या घरात व्हिडिओ गेम आला तो माझ्या मामामुळे. दिवाळीला तो नागपूरहून घेऊन आला. पांढरट डबा, दोन रिमोट, आणि वर खुपसायची एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर लिहिलं होतं की आत नव्याण्णव हजार गेम आहेत. प्रत्यक्षात सात-आठच होते, बाकीचे तेच, नुसते कपडे बदलून आलेले. चालेना झालं की कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा खुपसायची. असं का करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण करायचे सगळेच.

त्यातला एक गेम रणगाड्यांचा होता. पडद्याच्या तळाशी मधोमध एक पक्षी बसलेला, त्याच्याभोवती विटांची भिंत. वरून शत्रूच्या गाड्या येत राहायच्या. आपल्या दोन गाड्या, एक पिवळी आणि एक हिरवी, दोघांनी मिळून त्या पक्ष्याला राखायचं. पक्षी मेला की खेळ खलास. गंमत अशी की आपली गोळी आपल्याच जोडीदाराला लागली तर तो जागच्या जागी गोठून लुकलुकत राहायचा. आणि आपली गोळी आपल्याच पक्ष्याला लागली तर संपलंच.

आधी मी आणि बाबा खेळायचो. बाबांचा नेम वाईट, आणि त्यांना भिंती फोडायची भारी हौस. एका संध्याकाळी आई मला अभ्यासाला उठवायला आली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, तिच्या आवाजाने आख्खा वर्ग उठतो, मी कोण? मी उठले. तिने माझा रिमोट उचलला तो डब्यात ठेवायला. पण पडद्यावर तिकडे डावीकडून एक गाडी पक्ष्याकडे निघाली होती आणि बाबा उजव्या कोपऱ्यात विटा फोडत होते. आईने उभ्याउभ्याच एक बटण दाबलं. गाडी फुटली. आई खाली बसली. माझ्या गणिताच्या वहीला त्यानंतर कुणी विचारलं नाही.

ते दोघं खेळले खरे, पण बोलायचं कसं? दोघांनी मिळून पक्षी राखायचा म्हणजे बोलावं तर लागतंच. मार्ग आईने काढला. ती पडद्याकडे बघत म्हणाली, "पिवळ्यानं आपल्याच भिंती फोडू नये." मग बाबाही पडद्यालाच म्हणाले, "हिरव्यानं डावीकडची बाजू सांभाळावी." कायदा तयार झाला. गाडीशी बोलणं म्हणजे माणसाशी बोलणं नव्हे. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी, चहा झाला की, पिवळा आणि हिरवा गप्पा मारू लागले. "पिवळ्याले दिसत नाई का, मांगून येऊन राह्यला तो?" "हिरव्यानं शिकवू नये, हे काही शाळा नाई." एकदा तर पिवळ्याने हिरव्याला विचारलं की शाळेत तपासणीला साहेब आले होते त्याचं काय झालं, आणि हिरव्याने गोळ्या मारता मारता सगळं सांगितलं. मला त्या तासाभरात सुट्टी असायची. मी बाहेर बसून चिंचा खायचे. तो माझ्या बालपणातला सर्वांत सुखाचा काळ होता, हे मी शपथेवर सांगते.

मग मी दहावीत असताना एका दुपारी वीज गेली ती परत आली दुपटीच्या जोराने. फ्रिज वाचला, पंखा वाचला, व्हिडिओ गेम गेला. ॲडॉप्टर वितळून त्याची चिक्की झाली होती. नवा आणू म्हटलं तर बाबा म्हणाले, "सांग तुह्या आईले, पोरीचं बोर्डाचं वर्ष हाये." आई म्हणाली, "सांग त्याईले, मले बी माईत हाये." झालं. पोस्ट ऑफिस पुन्हा उघडलं.

ते पुढे कॉलेजभर उघडंच राहिलं. वर्ध्यालाच शिकायचं म्हणून मी घरातच होते. टोपी कुणाच्या डोक्यातही उरली नव्हती. उरलं होतं एवढंच, की आधी कोण बोलणार. जो आधी बोलेल तो हरला, आणि दोघांपैकी कुणालाही हरायची सवय नव्हती.

अशात मला पुण्याला नोकरी लागली. बाबांनी पेढे आणले आणि मला म्हणाले, "तुह्या आईले सांग, पोरगी पुण्याले चालली." मी म्हटलं, "बाबा, आईनेच तुम्हाला पेढे आणायला पाठवलं." ते म्हणाले, "तरी बी सांग." मी गेल्यावर या दोघांचं काय? बाबांना ब्लडप्रेशरची गोळी लागली होती आणि ती घेतली की नाही हे आई रोज मलाच विचारायची. मी पुण्यात, गोळी सिंदी मेघेत, आणि मध्ये विचारणारं कुणी नाही.

रंगीत तालीम म्हणून मी दोन दिवस आर्वीला मावशीकडे जाऊन राहिले. परत आले तर घर थंडगार. मी गेले त्याच दिवशी गॅस संपला होता. भरलेलं सिलिंडर घरातच होतं, पण ते लावायचे बाबा, आणि त्यांना सांगायचं कोणी? आईने कच्चा चिवडा कालवला होता. मुरमुरे, कच्चं तेल, कांदा, तिखट. दोन दिवस दोघांनी सकाळ-संध्याकाळ कच्चा चिवडा खाल्ला, ती स्वयंपाकघरात आणि ते ओसरीत. मी ओरडले, "अहो, नुसतं सिलिंडर लावा म्हणायचं!" दोघंही माझ्याकडे बघत राहिले, की आता ही म्हणालीच आहे, तर उठावं. बाबा उठले आणि सिलिंडर लावलं.

त्या रात्रीच मी ठरवलं की पुण्याला जायच्या आत या घरात तो गेम परत आणायचा. बाजारात नवे डबे मिळत होते, त्यांच्यावर तर लाखांचे आकडे होते. मी एक आणलाही. त्यात मासे पकडायचे होते, पऱ्या उडवायच्या होत्या, आमचे रणगाडेच नव्हते. शिवाय तो चार दिवसांत मेला.

मार्ग सापडला तो बस स्टँडजवळच्या सायबर कॅफेत. कॅफेवाल्याकडे टेबलाखाली एक काळा, जाड गेम कन्सोल धूळ खात पडला होता. सीडीवर चालणारा. त्याच्या पुढचा, चांगला कन्सोल येऊन जुना झाला होता, त्यामुळे याला कुणी विचारत नव्हतं. कॅफेवाल्याला सगळ्यातलं निम्मं यायचं आणि तो ते पूर्ण विश्वासाने सांगायचा. तो म्हणाला, "याच्यात इम्युलेटर टाक. जुने सारे गेम चालते. नेऊन टाक, मले जागा पाह्यजे."

इम्युलेटर म्हणजे एक प्रोग्रॅम. तो नव्या मशीनला जुन्या मशीनचं सोंग घ्यायला लावतो. जुन्या गेमला वाटतं की आपण आपल्याच पांढरट डब्यात आहोत, आणि काळ्या कन्सोललाही कळत नाही की आपल्याकडून काय करून घेतलं जात आहे. दोघांच्या मध्ये बसून हा इकडचं तिकडे सांगत राहतो. मला हे वाचताक्षणी समजलं. मी तेच काम इतकी वर्षं करत आले होते.

समजणं वेगळं आणि चालणं वेगळं. इम्युलेटर आणि गेम एका सीडीवर उतरवायचा, ती सीडी कन्सोलने वाचायची, एवढंच. पण कन्सोलची नजर अधू झाली होती. पहिली सीडी त्याने घरघर करून नाकारली. दुसरी वाचली आणि काळा पडदा दाखवला. कॅफेवाला म्हणाला, हळू जाळ, म्हणजे सीडी कमी वेगाने उतरव. हळू जाळली, तरी नाही. मग तो म्हणाला, उलटा ठेवून बघ. मी हसले, पण ठेवला. आणि तो कन्सोल पोटावर पडून सीडी वाचू लागला! टीव्हीच्या शोकेसवर तो कायमचा पालथा झाला. आईने त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालायला घेतला तो मी कसाबसा थांबवला, नाहीतर तो गुदमरला असता. वाया गेलेल्या सीड्या बाबांनी दोऱ्याने परसातल्या पपईला बांधल्या. पोपट यायचे बंद झाले. घरात त्या कन्सोलचा तोवरचा उपयोग एवढाच होता.

मग एकदाचा गेम लागला. यादीत नाव दिसलं, बटण दाबलं, आणि तोच टुणटुण आवाज आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण पडद्यावर बघते तर सगळं करडं. विटा करड्या, पक्षी करडा, गाड्या करड्या. गेम परदेशी पद्धतीचा सिग्नल फेकत होता आणि आमच्या जुन्या टीव्हीला त्यातलं चित्र कळत होतं, रंग कळत नव्हते. कॅफेवाला फोनवर म्हणाला, सेटिंगमध्ये असेल कुठेतरी. सेटिंगमध्ये सगळी अक्षरं जपानी होती. मी ती एका कागदावर उतरवून घेतली.

रविवारची दुपार होती. कूलर घरघरत होता. मी सेटिंगमध्ये चाचपडत असतानाच बाबा वामकुक्षीवरून उठून आले. टुणटुण ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लहानपणानंतर पाहिलंच नव्हतं. ते काही न बोलता सतरंजीवर बसले आणि पहिला रिमोट हातात घेतला. स्वयंपाकघरातून आई पदराला हात पुसत आली, उभी राहिली, आणि दुसरा रिमोट घेऊन बसली. मध्ये एका माणसाची जागा सोडून. ती जागा माझी होती.

मी म्हणत होते, "थांबा, रंग येऊ द्या," पण ऐकतं कोण? खेळ सुरू झाला. बाबा जुन्याच ऐटीत पडद्याला म्हणाले, "हिरव्यानं डावीकडं राहावं."

आई म्हणाली, "हिरवा कोनता हाये, ते कोनी तरी सांगावं."

बाबांनी पडद्याकडे निरखून पाहिलं. हिरवा नव्हताच. पिवळाही नव्हता. शत्रूही करडे, आपणही करडे. कायदा असा होता की बोलायचं ते रंगाशी, आणि रंगच गेले होते. दोघं गप्प बसून बटणं दाबू लागली. बाबांनी एक गाडी वर जाताना पाहिली आणि तिला गोळी घातली. ती गाडी आईची होती. ती गोठून लुकलुकू लागली. सुटली, तशी बाबांनी तिला पुन्हा घातली. आई बटणं दाबते आहे आणि गाडी जागची हलत नाही. वरून तीन शत्रू निघाले. आईने तोंड उघडलं. "पिव..." म्हणाली आणि थांबली, कारण ते म्हणण्यात अर्थ नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं. मी जपानी अक्षरांचा कागद हातात धरून उभी होते. मी काही बोलायच्या आत बाबांनी तिसरी गोळी मारली.

"अहो, ती मी हाये ना!" आई ओरडली.

बाबांचा अंगठा बटणावरच थांबला. मान न वळवता ते म्हणाले, "तू हायेस ती?" आणि मग जरा घाबरूनच विचारलं, "मंग मी कोनता?"

"तुम्ही ते, खालच्या कोपऱ्यात भिंतीले धडका देऊन राह्यले ते!"

बाबा इतका वेळ आपली म्हणून बघत होते ती गाडी दुसरीच होती, गोळ्या मात्र त्या कोपऱ्यातून सुटत होत्या. ते हसले. आधी नाकातून, मग पोटातून, मग आईला हसू आलं, आणि तिकडे शत्रूंनी आरामात येऊन पक्ष्याचा निकाल लावला. दोघांचं लक्षही नव्हतं. हसणं संपल्यावर बाबांनी सवयीने माझ्याकडे तोंड केलं. निरोप ओठांवर आलेला मला स्पष्ट दिसला. तो त्यांनी गिळला आणि आईकडे वळून म्हणाले, "तू वरतून घे. मी खाली पक्ष्यापाशी राह्यतो. फोडत नाई भिंत."

मी स्वयंपाकघरात गेले, माठातलं पाणी प्यायले आणि ओट्याला टेकून हमसून हमसून रडले. इतक्या वर्षांत मला कळलंच नव्हतं की मी किती दमले आहे.

आधी कोण बोललं यावरून ते आजही भांडतात. बाबांचं म्हणणं, आवाज आईचा होता. आईचं म्हणणं, आपण गाडीला बोललो, नवऱ्याला नाही, खरं बोलणं "तू हायेस ती" इथून सुरू झालं. भांडतात मात्र थेट, मला मध्ये न घेता.

रंगाची सेटिंग मला दोन दिवसांनी सापडली. पडद्यावर एक गाडी झर्रकन पिवळी झाली, दुसरी हिरवी. दोघं बाहेर भाजी निवडत होती. मी दाराकडे पाहिलं आणि सेटिंग परत होती तशी केली. बाबांनी विचारलं, "रंगाचं काही जमलं का वं?" मी म्हटलं, टीव्ही जुना झाला, आता काही जमत नाही. त्यांनाही ते पटलं.

पुण्याला गेल्यावर पहिले काही दिवस मला धास्ती होती. मी समोर आहे म्हणून बोलतात की खरंच बोलतात? कन्सोल बंद पडला तर? आठवड्याने मी घरी फोन केला. आईने उचलला. मागे टुणटुण नव्हती, कूलरही नव्हता, घर नुसतं शांत होतं. आईने जेवणाचं विचारलं, खोलीचं विचारलं, पाण्याचं विचारलं. सांगण्यासारखं सगळं सांगून झाल्यावर सवयीने माझ्या तोंडून निघालं, "बाबांना काही सांगायचं आहे का?"

पलीकडे आई क्षणभर गोंधळली.

"काऊन?" ती म्हणाली. "हे काय, बाजूलेच तं बसले हायेत."